लिफ्टमनची बायको

नवरा नट आहे असं सांगितलं की लोक आधी तिच्याकडे कौतुकाने बघायचे आणि लगेच विचारायचे, "कशात काम केलंय हो त्यांनी?" इथे तिची पंचाईत व्हायची. काम तर त्याने ढीगभर केलं होतं. कोर्टातल्या गर्दीत तो असायचा, स्टेशनावर पेपर वाचणारा तो असायचा, नायक-नायिका हॉटेलात भांडत असताना मागच्या टेबलावर शांतपणे सूप पिणारा माणूसही तोच. आणि सगळ्यांत जास्त वेळा तो मेला होता. नदीकाठी मेला, गोदामात मेला, एकदा तर गालिच्यात गुंडाळून जिन्यावरून गडगडत खाली आला. श्वास रोखून निपचित पडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यामुळे मित्रमंडळींत त्याचं नाव पडलं होतं मुडदेसाहेब. सासूबाईंना हे नाव अजिबात आवडायचं नाही. पण ज्याचं नाव होतं तोच हाकेला ओ द्यायचा म्हटल्यावर त्या तरी काय करणार?

तिचं स्वतःचं फ्रेमचं दुकान होतं. अरुंद, पण खोल. भिंतीवर लाकडी पट्ट्यांचे नमुने कोपरे जोडून टांगलेले, मधोमध जाड कापड अंथरलेलं मोठं टेबल, त्यावर काच कापायची हिरकणी आणि कोपरे काटकोनात धरणारे शिकंजे. लोक लग्नाचे फोटो आणायचे, पदव्या आणायचे, नातवाने काढलेलं चित्र आणायचे. ती चित्राकडे आधी नुसतीच बघत बसायची आणि मग म्हणायची, "याला बारीक पट्टी लावू. जाड लावली तर चित्र गुदमरेल." शूटिंग नसलं की नवरा मागच्या बाजूला बसून पट्ट्यांना पॉलिश करायचा. "घर दुकानावर चालतं आणि माझा मुलगा हौसेवर," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पण त्यात टोचणी कमी आणि लाड जास्त असायचा.

तर अशा या मुडदेसाहेबांना शेवटी एक जिवंत भूमिका मिळाली. दर शनिवारी संध्याकाळी लागणारी खुनाची मालिका होती. एका उंच इमारतीत सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहणारा मोठा नावाजलेला डॉक्टर आपल्या अभ्यासिकेत, डोक्यात पितळी पुतळा घातल्यामुळे, मरून पडलेला सापडतो, आणि एक मध्यमवयीन इन्स्पेक्टर बाई खुनी कोण ते शोधत असते. संशय घ्यायला माणसं भरपूर होती. डॉक्टरचा भाऊ, बायको, इस्पितळातला भागीदार. ही सगळी मंडळी लिफ्टने वर-खाली करायची, आणि त्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसलेला लिफ्टमन म्हणजे हिचा नवरा. प्रत्येक भागात त्याला एकच वाक्य होतं. कुणी आत आलं की तो विचारायचा, "कितवा मजला?"

तेवढ्या वाक्यासाठी घरी दर शनिवारी दरबार भरायचा. सासूबाई खुर्चीत, ती सोफ्यावर, आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार खास टीव्हीसमोरच्या जागेवर. हवालदारांची बायको लेकीकडे गेली की मुक्काम लांबवायची, म्हणून शनिवारचा चहा त्यांचा इथेच ठरलेला. नोकरीभर पोलिसात काढल्यामुळे मालिकेतल्या तपासावर त्यांचा हक्कच होता. "वहिनी, लिहून ठेवा," ते दर आठवड्याला म्हणायचे, "खुनी तो भागीदार आहे. माणूस बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघतो. मी अशी शंभर माणसं पाहिलीत." नवरा गंभीरपणे मान डोलवायचा. "मुद्दा आहे तुमच्या बोलण्यात." आणि मालिका सुरू व्हायची वेळ झाली की उठून स्वयंपाकघरात भांडी घासायला जायचा. स्वतःला पडद्यावर बघणं त्याला कधीच जमलं नव्हतं. आतून नळाचा आवाज यायचा, बाहेर टीव्हीतून त्याचा आवाज यायचा, "कितवा मजला?" आणि सासूबाई टाळी वाजवायच्या.

शेवटच्या आधीच्या भागाच्या दिवशी हवालदार जरा लवकरच आले. आज भागीदाराच्या हातात बेड्या पडणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. चहा झाला, बिस्किटं झाली, नवरा आत गेला, नळ सुरू झाला.

पण भाग काही वेगळाच निघाला. भागीदार आला आणि गेला. बायको रडली. मग इन्स्पेक्टर बाई एकटीच लिफ्टमध्ये शिरली आणि दार लागलं.

"कितवा मजला?" लिफ्टमनने विचारलं.

सासूबाईंनी सवयीने टाळी वाजवली.

इन्स्पेक्टर बाई म्हणाली, "तुमच्या आईची खोली कितव्या मजल्यावर होती?"

लिफ्टमनने बटणावरचं बोट काढलं नाही आणि बटण दाबलंही नाही. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबला आणि हलेचना. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, लिफ्टमधल्या खुंटीला नीट अडकवली, आणि जणू कुणी पत्ता विचारलाय अशा आवाजात तो बोलायला लागला. आई तळमजल्यावर राहायची, जिन्याखालच्या खोलीत. एका संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून तो डॉक्टरांना बोलवायला वर गेला. डॉक्टरांकडे पाहुणे होते. सकाळी बघतो म्हणाले. तो खाली आला. आईने विचारलं, येताहेत का रे? तो पुन्हा वर गेला. दार उघडलंच नाही. पुन्हा खाली आला. "तेवढ्यात आई गेली होती," लिफ्टमन म्हणाला. "दुसऱ्या दिवशी साहेब लिफ्टमध्ये आले. मी विचारलं, कितवा मजला. रोज विचारायचो ना. तर म्हणाले, आज हवा छान आहे."

एवढं बोलून तो हसला. अगदी थोडंसं, ओशाळल्यासारखं. आणि मग त्याने सांगितलं की ती अभ्यासिका, तो पितळी पुतळा, ते सगळं त्यानेच केलं आणि तो लगेच खाली आला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकून राहिली आणि भाग संपला. संगीतसुद्धा वाजलं नाही.

ती सोफ्याच्या कडेवर येऊन बसली होती. ते बटणावरचं बोट तिच्या ओळखीचं होतं. त्याच बोटाने तो पट्टीचा कोपरा गुळगुळीत झालाय का ते चाचपायचा. पण चेहरा? त्या चेहऱ्यात ती आपला नवरा शोधत राहिली, आणि तो काही केल्या सापडला नाही. त्या माणसाची तिला दया आली होती, भीती वाटली होती, आणि मध्ये बराच वेळ तर तो आपल्या घरचा आहे हेच ती विसरली होती.

 आतला नळ बंद झाला. नवरा हात पुसत दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर भांडी पुसायचं फडकं.

सासूबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "तू केलंस?"

"हो, आई," तो म्हणाला.

हवालदारांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता, आणि मग हळूहळू लाल व्हायला लागला. "म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते म्हणाले. "मी इथे बसून दर शनिवारी तपास करतोय आणि खुनी आत भांडी घासतोय. आणि मला म्हणतोय काय, तर तुमच्या बोलण्यात मुद्दा आहे."

"हवालदारसाहेब, सांगायची परवानगी नव्हती हो. सही करून दिली होती."

"सही तुमच्यापाशी ठेवा. मी तुमच्या घरचा चहा प्यायलोय. माणसाने निदान मान तरी डोलवू नये." ते चपला घालून निघून गेले. जिन्यावरून त्यांची पावलं जरा जोरातच वाजली.

मग फोन सुरू झाले. नवऱ्याची बहीण रडत होती. जुने मित्र ओरडत होते. कुणी म्हणालं, एवढे दिवस मुडदे करून जीव साठवून ठेवला होतास की काय. नवरा एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने कान खाजवत "हो, हो, आभारी आहे" म्हणत होता आणि अधूनमधून बायकोकडे चोरून बघत होता. ती वाळलेले कपडे घेऊन आतल्या खोलीत गेली आणि घड्या घालत बसली. तिच्या घड्या नेहमी काटकोनात असायच्या. आज तर त्या पट्टीने आखल्यासारख्या होत होत्या.

फोन थांबल्यावर तो आत आला आणि पलंगाच्या टोकाला बसला.

"कसं वाटलं?" त्याने विचारलं.

"छान केलंत," ती म्हणाली. आणि चादरीची घडी मोडून पुन्हा घातली. "मागच्या वर्षी तुम्ही महिनाभर घुम्यासारखे वागत होतात. जेवताना बोलायचा नाहीत. हाक मारली तर दचकायचात. एका सरकारी इमारतीच्या लिफ्टमध्ये तुम्हाला कुणीतरी दुपारभर वर-खाली करताना पाहिलं. मला येऊन सांगितलं लोकांनी. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, काम होतं."

"काम होतंच ना. तिथल्या लिफ्टमनकडे बघत होतो. तो बसतो कसा, कुणाकडे बघतो, कुणाकडे बघत नाही."

"मला काय माहीत? मला वाटलं, तुम्हाला काहीतरी मोठं दुखणं झालंय आणि तुम्ही लपवताय. देवाला माहीत काय काय वाटलं. रक्त तपासून आणलं मी तुमचं."

"हो," तो अपराधी आवाजात म्हणाला. "साखर नॉर्मल निघाली होती."

तिला हसू येत होतं आणि हसायचं नव्हतं, म्हणून तिने उशीचा अभ्रा उगाच दोनदा झटकला. "मी कुणाला सांगितलं असतं का? माझ्या पोटात काय राहत नाही?"

"राहतं. तुझ्या पोटात राहतं म्हणूनच तर जास्त अवघड होतं. तुला सांगून टाकावं असं रोज वाटायचं."  फडकं अजून खांद्यावरच होतं. ते काढून त्याने मांडीवर घेतलं. "सही वगैरे ठीक आहे. ती मोडता आली असती. पण कसंय, आजवर माझं प्रत्येक काम तू आधीपासून माहीत असून पाहिलंयस. आता हा मागून जाईल, आता हा मरेल. तू बाकीच्यांना बोट दाखवून सांगतेस, ते बघा, ते पाय दिसतात ना, ते ह्यांचे. मला एकदा असं वाटलं की तुला काहीच माहीत नसावं. बाकीच्या लोकांसारखं तूही बघावंस. बास, एवढंच."

 तिचा राग पुरता गेला नव्हता, पण त्याचं टोक बोथट झालं होतं. तिने घड्या घातलेल्या कपड्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला. "कपाटात ठेवा," ती म्हणाली. आणि तो उठल्यावर त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "मी ओळखलं नाही तुम्हाला. तुम्ही टोपी काढलीत तेव्हापासून."

तो वळला नाही. कपाटापाशी जरा जास्तच वेळ उभा राहिला.

सोमवारी दुकान उघडलं तर दारात माणसं. औषधवाला आपलं दुकान नोकरावर टाकून आला होता. नेहमी फक्त काच पुसायला कोणतं कापड चांगलं एवढंच विचारणाऱ्या शिक्षिका बाई आल्या होत्या, आणि त्यांच्या हातात फ्रेम करायला काहीही नव्हतं. सगळे टेबलाभोवती उभे राहून तिच्याकडे असे बघत होते की तिला वाटलं, आपल्यालाच कोपऱ्यात शिकंजा लावून ठेवलाय.

"घरी कसे असतात हो?" शिक्षिका बाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

"लसूण सोलतात," ती म्हणाली. "आणि फार सावकाश सोलतात."

"राग वगैरे येतो का त्यांना?"

"येतो ना. लसूण संपत नाही तेव्हा."

औषधवाला म्हणाला, "पण वहिनी, खरं सांगा, तुम्हाला माहीत होतं. एका छताखाली राहून माहीत नसेल, हे पटत नाही."

"ताकास तूर लागू दिली नाही त्यांनी," ती म्हणाली, आणि बोलताना तिच्या लक्षात आलं की आपण ही तक्रार म्हणून सांगायला निघालो होतो आणि ती चक्क फुशारकीसारखी बाहेर पडली. तिने हिरकणी उचलली, काचेवर रेघ ओढली, कडेला हलका दाब दिला. काच सरळ रेघेत मोडली. सगळे उगाचच "वा" म्हणाले.

त्यांच्या स्वतःच्या इमारतीत तर मजाच झाली. मंगळवारी सकाळी नवरा दूध घेऊन लिफ्टमध्ये शिरला, तर आत उभ्या असलेल्या वरच्या मजल्यावरच्या बाई "अगंबाई, माझं काहीतरी राहिलं" म्हणत बाहेर पडल्या आणि गुडघे दुखत असताना जिन्याने चढून गेल्या. हे त्याने घरी येऊन तीन वेळा सांगितलं. दर वेळी बाईंचा चेहरा करून दाखवला. खूनच केला असता तरी एवढा खुलला नसता, असं ती म्हणाली. एकंदरीत त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. दाढीसुद्धा तो गुणगुणत करत होता.

फक्त सासूबाई गप्प होत्या. चहा घ्यायच्या, पेपर वाचायच्या, पण मुलाकडे सरळ बघायच्या नाहीत. तिला वाटलं, लोक घरी येऊन खुनी-खुनी करतात ते त्यांना लागलं असावं. बुधवारी दुपारी ती जेवायला घरी आली तेव्हा नवरा टेबलावर लसूण सोलत बसला होता आणि सासूबाई समोर बसल्या होत्या. बराच वेळ त्या सालांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू का तुला?"

"विचार ना, आई."

"त्यात तू म्हणालास ना, आईने विचारलं, येताहेत का रे. ते 'आई' तू ज्या आवाजात म्हणालास, तो आवाज मी तुझे वडील गेले तेव्हा ऐकला होता. त्यानंतर कधी नाही." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "ते म्हणताना तुझ्या डोळ्यांसमोर मी होते का?"

सून पाण्याचा पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली. आता हा काय बोलतो याची तिला धाकधूक वाटायला लागली. एक बरंसं खोटं बोलला असता तरी तिने पोटात ठेवलं असतं.

नवऱ्याने सुरी खाली ठेवली. "खरं सांगू? डोळ्यांसमोर एक काठी होती. कॅमेऱ्याच्या बाजूला काठी उभी करतात आणि तिला लाल चिकटपट्टी लावतात. नजर तिथे ठेवायची. इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या बाई तोवर घरी गेल्या होत्या."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "काठी," त्या म्हणाल्या.

"हो. पण बोलायच्या आधी मी आपल्या जुन्या घरातला जिना आठवला होता. तू आजारी असताना मी खाली-वर करायचो ना, गरम पाण्याची पिशवी घेऊन. तो आठवला."

सासूबाईंच्या खांद्यांना कंप आला. तिला वाटलं, रडल्या. पण त्या हसत होत्या. हसता हसता त्यांनी एक सोललेली पाकळी उचलून त्याच्या अंगावर फेकली. "काठीला आई म्हणालास मेल्या," त्या म्हणाल्या, आणि मग डोळे पुसून शेजारणीला फोन लावला आणि काठीची हकिकत पहिल्यापासून सांगितली.

त्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. हवालदार. हातात कागद वगैरे काही नाही, पण चेहरा तपासाला निघाल्यासारखा.

"मी बसायला आलेलो नाही," ते बसत म्हणाले. "एक गोष्ट खटकतेय. ती सांगतो आणि जातो."

"चहा टाकू का?" तिने विचारलं.

"टाका. अर्धाच." ते नवऱ्याकडे वळले. "तुम्ही काय म्हणालात? पितळी पुतळा डोक्यात घातला आणि लगेच खाली आलात. बरोबर? पण डॉक्टर सापडला तेव्हा दार ओढून घेतलेलं होतं आणि दिवा बंद होता. घाईत पळणारा माणूस दिवा बंद करत नाही. तुमच्यानंतर खोलीत कुणीतरी गेलं होतं. शिवाय शेवटच्या आधीच्या भागात जो कबूल करतो, त्याच्यावर गोष्ट संपत नसते. संपली तर पुढच्या शनिवारी दाखवणार काय, जाहिराती?"

नवऱ्याने हनुवटी खाजवली. सवयीने त्याचं तोंड उघडलं, "मुद्दा आहे तुम—" आणि मिटलं.

हवालदार त्याच्याकडे रोखून बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. "नाही, बोलू नका. काही बोलू नका. मान पण हलवू नका. मी माझं माझं शोधतो." चहा मात्र त्यांनी पूर्ण कप घेतला, आणि शनिवारी किती वाजता यायचं ते माहीत असूनही जाताना विचारून गेले.

ते गेल्यावर ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. समोरच्या इमारतीत खिडक्या एकेक करून पिवळ्या होत होत्या, कुणी पडदे ओढत होतं, कुणी कुंडीत पाणी घालत होतं. नवरा मागून आला आणि कठड्याला टेकला.

"तुला सांगू का शेवट?" त्याने विचारलं. "आता तू म्हणशील तर सांगतो. मागच्या वर्षीच्या बदल्यात."

तिने खरंच विचार केला. उत्सुकता तर एवढी होती की दुपारी एका फ्रेमला तिने आरशाची काच लावली होती आणि गिऱ्हाइकाच्या लक्षात आल्यावर पुन्हा उघडावी लागली होती. पण सोफ्याच्या कडेवर बसून त्या अनोळखी माणसाकडे बघतानाची ती काही मिनिटं तिला आठवली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल आता नवं कळण्यासारखं काही राहिलं असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "शनिवारी कळेल. पण एक अट आहे. भांडी नंतर घासायची. बाहेर बसायचं, माझ्या शेजारी."

"ते मला जमत नाही, तुला माहितीये."

"मग जमवा."

शनिवारी तो बसला. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला आई, समोर हवालदार. मालिका सुरू झाली आणि तिने त्याचा हात हातात घेतला तर तो बर्फासारखा गार आणि घामाने ओला. गालिच्यात गुंडाळून जिन्यावरून घरंगळलेला हा माणूस, स्वतःचं तोंड बघायला घाबरत होता. तिने काही न बोलता तो हात आपल्या मांडीवर ठेवला आणि वर आपला दुसरा हात ठेवला.

शेवटचा भाग असा होता. लिफ्टमनची कबुली खरीच होती. पुतळा त्यानेच उचलला होता. पण तो गेल्यावर भागीदार खोलीत आला होता, आणि डॉक्टर तेव्हा जिवंत होता, श्वास चालू होता, मदतीसाठी हात हलवत होता. भागीदाराने पाहिलं, दिवा बंद केला आणि दार ओढून घेतलं. दोघांनाही अटक झाली. या अख्ख्या भागात लिफ्टमनला एकच प्रसंग होता. पोलिसांच्या गाडीत बसून तो इमारतीकडे बघतो, वरच्या मजल्याकडे नाही, जिन्याखालच्या खिडकीकडे. एक शब्दही नव्हता. तिचा हात मात्र ओला झाला. कुणाच्या घामाने ते सांगता आलं नसतं.

हवालदार उठून उभेच राहिले होते. "दिवा," ते म्हणाले. "मी म्हणालो होतो की नाही, दिवा. वहिनी, तुम्ही साक्षीदार आहात." त्यांनी खुन्याचा हात धरून जोरजोरात हलवला. चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही खुनी एकाच गोष्टीत मिळाल्यामुळे त्यांचं इतक्या दिवसांचं सगळंच सार्थकी लागलं होतं.

"बघितलंस ना स्वतःला?" तिने नवऱ्याला विचारलं.

"बघितलं."

"कसा वाटला?"

 "पोट सुटलंय त्याचं," तो म्हणाला. "पण माणूस वाईट नाही." आणि मग उठून, कुणी सांगितलं नसताना, भांडी घासायला गेला. या वेळी आतून नळाबरोबर गाणंही ऐकू येत होतं.

पुढच्या महिन्यात त्याला दुसरं काम मिळालं. शाळेच्या मुख्याध्यापकाचं. पानंच्या पानं बोलणं होतं, आणि एवढं पाठ करायची त्याला सवय नव्हती. म्हणून तो दुकानात मागे बसून पट्ट्यांना पॉलिश करता करता वाक्यं म्हणायला लागला, आणि समोरच्या माणसांची वाक्यं ती वाचायला लागली. काच कापताना ती संतापलेला पालक झाली, खिळे ठोकताना शिपाई झाली. एकदा एक गृहस्थ आपल्या आजोबांचा फोटो न्यायला आले आणि दारातच थबकले, कारण फ्रेमवाल्या बाई हातात हातोडी घेऊन मुख्याध्यापकाला राजीनामा द्यायला सांगत होत्या.

"माझी फ्रेम झाली असेल तर..." ते हळूच म्हणाले.

"झालीये," ती म्हणाली. "दोन मिनिटं बसता का? हा प्रवेश संपत आलाय."

ते स्टुलावर बसले. आतून मुख्याध्यापक बोलायला लागले, आणि गृहस्थ फोटो मांडीवर घेऊन ऐकत राहिले.